थोरल्याच्या ढगांत

मल्हारराव बर्व्यांना एकाहत्तराव्या वर्षी बायकोचा संशय येऊ लागला, आणि तोही वीस प्रकाशवर्षांवरच्या बायकोचा.

त्या दूरच्या ताऱ्याभोवती गुरूच्या तिप्पट वस्तुमानाचा एक ग्रह फिरतो. सगळे त्याला थोरला म्हणत. तो म्हणजे नुसता वायूचा गोळा, पाय टेकायला जमीनच नाही. त्यात पडलेली वस्तू पडतच राहते आणि शेवटी दाबाने चिरडली जाते. तिथे माणूस धाडणं अशक्य, म्हणून एक्केचाळीस वर्षांपूर्वी ठसे धाडले. ठसा म्हणजे मेंदूची हुबेहूब नक्कल, आठवणी आणि स्वभावासकट. रेडिओलहरींवरून ती थोरल्याभोवती फिरणाऱ्या यानात उतरवली की जागी होते आणि आपणच तो माणूस, असं समजून कामाला लागते.

तीन ठसे गेले. डॉ. रेवती बर्वे, त्यांचे सहकारी डॉ. निषाद कामत आणि मल्हारराव. मल्हाररावांचं चष्म्याचं दुकान, पण विवाहितांनी जोडीनेच जायचं, असा नियम होता.

निरोप इथवर यायलाही वीस वर्षं लागत. गेल्या वर्षापासून दर रविवारी ते येऊ लागले होते. कामत बर्व्यांकडे येत, मल्हारराव चहा टाकत आणि तिघं मिळून ऐकत. तिथली रेवती फार हसायची. 'निषादने आज मला थोरल्यावरचं वादळ दाखवलं. मल्हार आपला फुगून बसलाय!'

कामत गेल्यावर मल्हारराव भडकले. "इथे 'कामत' आणि तिथे 'निषाद'?"

"अहो, ती मी नाही. निघाल्या क्षणापासून ती वेगळी झाली."

"वा! सही करताना तूच म्हणाली होतीस, केसाइतकाही फरक नाही. म्हणजे संधी मिळाली असती तर तूही हेच केलं असतंस!"

रेवतीबाई रिकामे कप उचलून आत निघून गेल्या. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही, याने मल्हाररावांचा जास्तच जळफळाट झाला. पुढचा आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही.

रविवारी तिथल्या रेवतीचा आवाज बसलेला होता.

'निषाद गेला. मोजणीची उपकरणं भरलेली कुपी थोरल्याच्या ढगांत सोडायची होती. सोडण्याआधी कुणीतरी त्याचा ठसा त्या कुपीत हलवला. यानात आम्ही तिघंच. मल्हारला विचारलं, तर म्हणाला, मीच. त्याला जराही वाईट वाटलेलं नाही.'

मल्हाररावांना आधी बरं वाटलं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसलं. रेवतीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"अगं, तो मी नाही!" मल्हारराव घाईघाईने म्हणाले. "निघाल्या क्षणापासून तो वेगळा झाला!"

कामतांनी ओठांशी नेलेला कप अलगद खाली ठेवला. चहा नेहमीसारखा मल्हाररावांनीच केला होता.