जोडपं पाहिजे

शहागंजच्या मजूर अड्ड्यावर ऊन चढलं, की उरतात ती म्हातारी माणसं. तरण्याताठ्यांना ठेकेदार सकाळीच मोटारसायकलवर बसवून नेतात. उरलेल्यांनी मग तंबाखू मळायची, एकमेकांकडं बघायचं आणि फडक्यातली भाकरी तशीच घरी न्यायची. पुतळाबाई त्या उरलेल्यांतली. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, हात अजून दणकट. पण ठेकेदार हात कुठं बघतात? ते केस बघतात.

त्या दिवशी तिच्या शेजारी एक नवा उरलेला येऊन बसला. मिशी काळीकुळकुळीत... आणि कानांवरचे केस कापसासारखे पांढरे!

पुतळाबाईला हसू आवरेना. "रंग पुरला नाय का, पाव्हणं?"

"पुरला असता," तो गंभीरपणे म्हणाला, "पर मिशीनंच लई पिला."

ती पदर तोंडाला लावून हसली. खळखळून हसायची सवय इतकी मोडली होती, की आपलंच हसणं तिला परकं वाटलं.

त्याचं नाव रामहरी. गंगापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्यांतला. मेंढरं विकून चितेगावच्या एका कंपनीत कंत्राटावर हमाली केली. केस पिकले तसं कंत्राटात नाव येईनासं झालं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, रात्री देवळाच्या ओसरीवर पथारी. पुतळाबाईला निदान मुलगा होता. सून करुणा वाईट नव्हती, पण खोली एकच. पुतळाबाई दारापाशी चपलांच्या शेजारी निजायची, आणि रिकाम्या हातानं घरी गेली की कुणी काही न बोलताही तिला सगळं ऐकू यायचं.

तेवढ्यात शिवराज नावाचा सुपरवायझर गाडी लावून उतरला. "जोडपं पाहिजे! हर्सूलच्या पुढं साइट आहे. माणसानं राखण करायची, बाईनं भिंतींना अन् स्लॅबला पाणी मारायचं. राहायला पत्र्याची खोली."

एरवी असं काम म्हाताऱ्यांच्या वाट्याला यायचं नाही. पण दिवस ऊसतोडीचे होते. तरणी जोडपी कारखान्यांवर गेलेली. शिवराजची नजर फिरत फिरत या दोघांवर येऊन थांबली.

"चाचा, जोडीचे का तुम्ही?"

रामहरीनं पुतळाबाईकडं पाहिलं. विचारल्यासारखं पाहिलं, हे तिच्या ध्यानात राहिलं.

"व्हय," तो म्हणाला.

"मग मावशीच्या कपाळाला कुंकू नाय?"

आता बोलायची पाळी तिची. तिची जीभ अडखळली नाही. "घामानं गेलं पुसून."

साइटवर जाताना तिनं टपरीवरून टिकल्यांचं पाकीट घेतलं. किती वर्षांनी! नवरा जाऊन जमाना झाला होता, आणि इथं ती पोटासाठी सवाष्ण होत होती.

पत्र्याची खोली रामहरीनं तिला दिली. स्वतः बाहेर वाळूच्या ढिगाशेजारी अंथरूण टाकलं. "कुणी इचारलं तर सांगायचं, म्हातारा घोरतो म्हणून बाहेर घातलाय."

"अन् घोरत नसलात तर?"

"घोरंन की. कामाचाच भाग समजा."

दोघं एकटे असले की तो "पुतळाबाई, तुम्ही" म्हणायचा. पण गवंडी, बिगारी आसपास असले की नवरा व्हावं लागे. पहिल्यांदा तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अगं ए, पाणी आण गं जरा!" आणि पुतळाबाई जागीच थबकली. आयुष्यात आता ती आई होती, सासू होती, मावशी होती. 'अगं' म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. तांब्या देताना तिचा हात त्याच्या बोटांना लागला... दोघांनीही हात जरा उशिरानंच काढला.

रोज संध्याकाळी ती टिकली काढून पत्र्याला चिकटवून ठेवायची. काम संपलं, संसार संपला! सकाळी पुन्हा तीच टिकली कपाळावर.

पावसात भिजण्याचे दिवस तरुणांचे. यांचा पाऊस नळीतून पडायचा. वर स्लॅबवर पुतळाबाई सिमेंटचे बांध घालून केलेल्या वाफ्यांत पाणी सोडायची, आणि ते खाली ठिबकायचं. तापल्या दुपारी रामहरी नेमका त्या धारेखाली येऊन उभा राहायचा.

"सरका तिथनं! मिशीचा रंग जाईल!"

"जाऊ दे की. तुमाला ठाऊकच हाय खाली काय हाय ते."

ती नळीचं तोंड बोटानं दाबायची आणि मुद्दाम त्याच्या अंगावर फवारा उडवायची. या वयात — काय म्हणावं बाई या वयाला!

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला, तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. घमेली वाहणारी अंबिका तोंडाळ. ती सगळ्यांत ओरडली, "मावशी, आज नाव घ्या की मालकाचं! उखाण्यात!"

पुतळाबाई लाल झाली. "जा गं. म्हातारचळ लागलाय का मला?"

"येतच नसंल तिला," रामहरी मिशीतल्या मिशीत हसला.

"येतंय! पर घेत नसते, जा."

तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज तोंडात घेत नाहीत. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. म्हणून तीही साइटभर 'अहो', 'हे', 'आमचे' करत फिरायची. नाटकात चूक नको म्हणून.

मग एका संध्याकाळी ती टिकली काढायला विसरली. चुलीपाशी भाकरी थापत बसली होती. रामहरी बघत राहिला.

"टिकली ऱ्हायली," तो हळूच म्हणाला.

तिचा हात कपाळाकडं गेला... आणि तसाच खाली आला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "रोज काढून काढून गोंद जातो."

गोंदाचं निमित्त! त्या दिवशी त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली.

सुखाला दृष्ट लागते म्हणतात. गरिबाच्या सुखाला दृष्टही लागावी लागत नाही, हंगाम संपला तरी पुरे.

ऊस संपला, कारखान्यांची धुराडी थंडावली. त्याच सुमाराला एका दुपारी पुतळाबाई वर पाणी मारत होती आणि खाली रामहरी वाळू चाळत होता. त्याच्या डोक्यावरच्या परांचीची एक लाकडी बल्ली सरकताना तिला दिसली. तिच्यावरची लोखंडी प्लेट कलली...

"रामहरीऽऽ! सरक! रामहरी!"

तो झेपावला. प्लेट त्याच्या पायाजवळ वाळूत रुतली. वाचला! पुतळाबाई नळी टाकून जिन्यावरून पळत खाली आली आणि त्याचे दोन्ही दंड धरून उभी राहिली.

साइटवरचे सगळे धावत आले. मग अंबिकाच म्हणाली, "अगं बया... नवऱ्याचं नाव! ते बी अरेतुरे?"

थट्टाच ती. पण शिवराज हसला नाही. "माझी आजी मरेपर्यंत आजोबाचं नाव नाय बोलली. मावशी, खरं सांगा. जोडीचे नाय ना तुम्ही?"

रामहरीनं पुतळाबाईचा हात हातात घेतला, सगळ्यांच्या देखत.

"नव्हतो," तो म्हणाला. "आता व्हतो. उद्या देवळात जाऊन माळ घालतो. बाई तयार असंल तर... काय गं?"

तिनं मान हलवली. भर दुपारी, सिमेंटनं माखलेल्या हातांनी, तिनं हो म्हटलं. तिच्या आयुष्यात तिला कुणी असं विचारलं नव्हतं. पहिल्या वेळी बापानं परस्पर सांगून टाकलं होतं.

शिवराजनं नजर चुकवली. "करा ना चाचा. मी कशाला आडवा येऊ? पण ऊसतोडीची जोडपी परत आलीत. मालक मागंच लागलेत, तरणं जोडपं ठेव, चार कामं जास्त करतं. तुम्हाला काढायचं तर मला कारण सापडत नव्हतं." तो थांबला. "आता सापडलं."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत तरुण जोडपं आलं. देवळातली माळ राहिली. माळ घालून जायचं कुठं? ओसरीवर, की चपलांशेजारी?

पुन्हा शहागंज. दोघं शेजारी शेजारी उरलेले. जोडपं मागायला कुणी येत नव्हतं. मग चितेगावकडच्या गोदामाचा एक माणूस आला. "एकटा गडी पाहिजे. तिथंच राहायचं, सुट्टी नाय. बायकामाणसं चालायची नाय."

रामहरी बसूनच राहिला. पुतळाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "जा."

"अन् तू?"

"मला ल्योक हाय." ती दुसरीकडं बघत म्हणाली. "पुढचं ऊन देवळाच्या फरशीवर काढणार हायसा का? उठा."

तो उठला. पिशवी उचलली. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "एकदा नाव घे की माझं."

"नाय."

"त्या दिशी तर घेतलंस. लई गोड वाटलं. मला सगळे म्हातारा म्हणत्यात."

"त्या दिशी तुम्ही माझे कुणी नव्हता." ती म्हणाली. "आता कसं घेऊ?"

तो गोदामवाल्याच्या गाडीवर मागं बसला, आणि चौक ओलांडेपर्यंत मान वळवून बघत गेला. मिशी आता मुळाशी पांढरी झाली होती.

पुढच्या आठवड्यात अड्ड्यापाशी एक मोटार थांबली. आतल्या बाईनं काच खाली केली. "घरकामाला आणि सासऱ्यांकडे बघायला एक बाई हवीय. आमच्याकडेच राहायचं. पण पाठीमागे कुणी नसलेली पाहिजे हं. नवरा, मुलं सारखी भेटायला येतात, मग व्याप होतो." तिची नजर पुतळाबाईच्या कपाळावर थांबली. "तुमचे मालक असतील ना?"

पहिल्यांदा नवरा आहे असं ती खोटं बोलली, तेव्हा जीभ अडखळली नव्हती. आज अडखळली.

"नाय..." ती म्हणाली. "मागं कुणी नाय, बाई. टिकली अशीच... शोभेची."

तिनं ती काढली, भाकरीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली, आणि झाकण घट्ट लावून मोटारीत बसली.