कुटुंब आहे

"आणखी एक?... बरं, उद्या आणतो," असं म्हणत तो तरुण बंगल्याच्या बंद खिडकीसमोर मान खाली घालून उभा होता. अंगात सरकारी खाकी सदरा, हातात लाल गुलाब.

चिमा थबकली. काकीच्या म्हशीसाठी ती या बागेतलं गवत कापायला यायची, पण नेहमी सकाळी. भर दुपारी इथं कोणी फिरकत नसे. आज विळा विसरला, म्हणून ती परत आली होती.

"कोनाशी बोलतोस रे?"

"आतल्या बाईंशी. हिरव्या लुगड्यातल्या. झाडलोट करायला येत असतील ना?"

"आत कोन न्हाय," चिमा हळूच म्हणाली. "साथीच्या वर्षापास्नं कुलूप हाय. नऊ वर्सं झाली."

त्याने वळून पाहिलं. काचेत भाट्याची खाडी दिसत होती, आणि वर पांढरं ऊन. बाकी काही नाही. तो झटकन मागे सरला, आणि गुलाबाच्या दोन पाकळ्या गळल्या...

खाडीवरच्या त्या टेकाडावरचा बंगला पूर्वी एका जज्जसाहेबाचा. साहेबाच्या मडमेला इन्फ्लुएंझा झाला, तेव्हा माळ्याच्या बायकोने तिची सेवा केली. मडम वाचली, माळीण गेली, त्याच बंगल्यात, हिरव्या लुगड्यात. साहेब विलायतेला गेला, बंगला बंद झाला, पण बाग सरकारने राखली. नवे माळी येत आणि पळून जात. दोन वर्षांत चार गेले होते.

हा पाचवा. नाव रावजी, लांज्याकडचा. मुंबईत गिरणीच्या धुळीने त्याच्या छातीत खोकला बसला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, मोकळ्या हवेत राहा, गिरणीत परत गेलास तर दोन पावसाळे काढणार नाहीस. इथं महिनाभरात खोकला उतरला होता.

"मग न्हाय पळनार?" चिमाने विचारलं.

"पळून जाऊ कुठं? मरायला?" तो कसनुसा हसला. "पन सरकारच घालवनार मला. जागेच्या अटी लई. बागेतल्या खोलीत ऱ्हायचं. सणाला गाव न्हाय. सकाळी आठाच्या आत वाटेवर एक पान दिसता नये. सरकारी फूल तोडायचं न्हाय. आनि माळ्याला कुटुंब पायजे. मी अर्जात लिवलं, कुटुंब आहे. आय हाय, दोन भाव हायत..."

चिमाने पदर तोंडाशी धरला. "अरे येड्या, सरकारी कागदात कुटुंब म्हंजे बायको!"

"ते आता कळलं गो! पौर्णिमेला ओव्हरसियर कुटुंब बघायला येनार हाय."

त्यानंतर चिमाचा विळा वरचेवर विसरू लागला. काकी म्हणायची, "तुझं डोकं तेवढं विसरू नको, बाय." आणि चिमा दुपारच्या उन्हात टेकाड चढायची. लाल चिऱ्यांची वाट तापलेली असायची, पण बंगल्याच्या सावलीत पाय टाकला की तळव्यांना ओल लागायची — विहिरीच्या पायरीसारखी. कबूल केलेला गुलाब रावजी रोज खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. ते बोलत बसायचे, आणि उठताना पाहावं तर गुलाब नसायचा. कट्ट्यावरच्या धुळीत बोटांचे चार ओले ठसे तेवढे असायचे.

"तिला रोज फूल. मला दिलंस कधी?" एकदा चिमा फुरंगटून म्हणाली.

"सरकारी फूल हाय. तुला दिलं तर नोकरी जाईल."

"आनि तिला देतोस ते?"

"ती सरकारीच न्हवं का?"

चिमा खळखळून हसली. ती थांबली, आणि काचेमागे कोणीतरी... जरा उशिरा हसलं. रावजीने तिचा हात घट्ट धरला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने तो सोडला. चिमाला वाटलं, सोडायची इतकी घाई कशाला?

पौर्णिमेला ओव्हरसियर आला तो बारा वाजताच. चिमा सुरंगीच्या झाडाआड उभी राहिली. रावजी आज खरं सांगणार, आणि संध्याकाळी वळकटी उचलून जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"साहेब, अर्जात चूक झाली," रावजीने सुरुवात केली. "कुटुंब म्हंजे..."

"पाहिलं तुझं कुटुंब," ओव्हरसियर कागदावर लिहीत म्हणाला. "खिडकीत उभी आहे ती, हिरव्या लुगड्यातली. माळ्याच्या बायकोने बंगल्यात शिरायचं नाही, सांग तिला. नाव काय तिचं?"

रावजीने खिडकीकडे पाहिलं. लेखणी कागदावर टेकली होती. आता जे नाव उतरेल ते सरकारदरबारी त्याच्या नावाशेजारी राहील, कायमचं... आणि खिडकीची काच आतून हळूहळू धुरकट होत होती, जसं कोणी अगदी जवळ तोंड आणून वाट पाहावी.

चिमा डोक्यावर पदर घेऊन पुढे झाली.

"ती न्हवं, साहेब. मी."

ओव्हरसियरने तिला न्याहाळलं. "तू? बरं, नवऱ्याचं नाव सांग."

चिमाने मान खाली घातली. एकदा रावजीकडे पाहिलं, पायाच्या अंगठ्याने माती उकरली, आणि गप्प राहिली. कान लाल झाले. नवऱ्याचं नाव कोणती बायको उच्चारते?

"पुरे, पुरे. पटलं," ओव्हरसियर हसला. "तूच सांग रे हिचं नाव."

"चिमा," रावजी म्हणाला. पहिल्यांदाच, आणि असं, की जणू बरेच दिवस तोंडात धरून ठेवलं होतं.

सही झाली. मग ओव्हरसियरची नजर पुन्हा खिडकीकडे गेली. "मग तिथं... कोण होतं?"

त्याने कागद खिशात कोंबले आणि पाठीमागे न पाहता टेकाड उतरला.

आत कुठंतरी एक दार अलगद लोटलं गेलं. कोणीतरी घर सोडून चाललं असावं, असं. टेकाडावर फक्त खाडीचा वारा उरला.

"चिमा," रावजी कुजबुजला, "सरकारशी खोटं बोललीस गो."

"खोटं कुठं?" ती पदराआडून म्हणाली. "जरा लवकर बोलले, इतकंच. आता काकीला विचारायला कधी येताय ते सांगा."