संध्याकाळ पार पडू दे

"दोन मिनिटं थांबा, चहा डावीकडून घ्या," कँटीनच्या काउंटरवरचा म्हणाला.

"दोन मिनिटं थांबतो, चहा डावीकडून घेतो," रांगेतला उंच माणूस म्हणाला.

त्याच्या मागे ती फिस्सकन हसली. सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायची खोड वीज नियंत्रण कक्षाच्या फोनवर बोलणाऱ्यांनाच असते. आणि हा आवाज तर ती रोज ऐकत होती!

"जुनं कोळसा वीजकेंद्र?"

तो वळला. "नियंत्रण कक्ष? बाप रे! फोनवर तुम्ही पन्नाशीच्या वाटता."

"आणि तुम्ही फोनवर हुशार वाटता."

बैठकीसाठी आला होता बिचारा. त्या दिवसापासून त्याला बैठकांची भलतीच गोडी लागली. लवकरच तो तिला 'ढगवाली' म्हणू लागला, ती त्याला 'धूरवाले'.

तिचं काम मोठं नाजूक, ढगांवर नजर ठेवून शहराची वीज सांभाळायचं. ऊन कललं की सौर वीज ओसरते, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. आजवर ती तूट त्याचं केंद्र भरायचं. आता बॅटरी केंद्र उभं राहिलं होतं. त्याची चाचणी चालू होती. हंगामभर कोळशाला न बोलावता निभावलं, तर जुना बॉयलर कायमचा बंद. म्हणजे ही जितकं चोख काम करणार, तितका तो लवकर जाणार.

"मला हाकलायला एवढी मेहनत?"

"धूर जायला हवा ना, धूरवाले."

"आणि धूरवाला?"

ती कप ठेवून कक्षाकडे पळाली.

मग एकदा त्याने सरळच विचारलं. "बॅटरी केंद्रात जागा निघालीय. तू म्हणालीस तर अर्ज करतो. नाहीतर लांब धरणावरच्या वीजकेंद्रात बदली आहे. थांबू का गं तुझ्यासाठी?"

थोडं राखून ठेवायचं, शेवटच्या क्षणापर्यंत शब्द द्यायचा नाही, हे तिच्या कामातलं शहाणपण. बाईसाहेबांनी ते प्रेमातही वापरलं.

"आजची संध्याकाळ पार पडू दे — मग सांगते."

संध्याकाळ पार पडायची. दुसऱ्या दिवशी दुसरी यायची. 'नाही' तिला म्हणायचंच नव्हतं, पण 'हो'ची घाई कशाला? तो काय, आहेच की!

चाचणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "अर्ज आज पाचपर्यंतच घेतायत."

पडद्यावर पश्चिमेकडून ढग सरकत होते. "ढग आलेत रे... आजची संध्याकाळ—"

"पार पडू दे. बरं."

तो चिडला नाही. तेव्हाच तिने घाबरायला हवं होतं.

ढगांनी ऊन वेळेआधीच गिळलं. बॅटऱ्या भराभर उतरू लागल्या. "जुन्या केंद्राला बोलवायचं का?" साहेबांनी विचारलं. एक फोन, की चाचणी फसणार, बॉयलर चालू राहणार, तोही इथेच राहणार... तिने फोन उचलला आणि पाणीपुरवठ्याला तासभर पंप थांबवायला सांगितलं. तेवढ्या वाचलेल्या विजेवर निभावलं. शहरातला एकही दिवा लुकलुकला नाही. कक्षात टाळ्या वाजल्या.

ती जिन्यात धावली, त्याला फोन लावला. "थांब! जाऊ नकोस. मी सांगतेय ना!"



"मुदत संपली गं. बदलीवर सही केली मी."

"एक दिवस मागून घे—"

"कुणाकडे मागू? दुपारी म्हणाली असतीस तर..."

"दुपारी ढग होते!"

"ढग रोजच असतात." मग हलकेच म्हणाला, "पण आज काय सांभाळलंस! बॉयलर तापवून बसलो होतो मी. वाटलं, बोलावशील."

"बोलवायला हवं होतं का रे?"

"छे! शहरभर धूर झाला असता." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "फक्त आता वाट बघ म्हणू नकोस. तेवढी बघून झाली माझी."

घरी आईने विचारलं, "आज ऑफिसात काय विशेष?"

"काही नाही गं," ती म्हणाली. "काहीच झालं नाही."

"मग अशी अंधारात का बसलीस?" म्हणत आईने बटण दाबलं. दिवा लगेच लागला.