कोरडा की कफाचा?

पुंडलिकनगरातल्या, घराजवळच्या त्या मेडिकलवर केशर पहिल्यांदा गेली, ती सासूच्या खोकल्यापायी. फ्लूचा ताप उतरला होता, पण खोकला मनकर्णाबाईंची पाठ सोडत नव्हता.

"कोरडा की कफाचा?" काउंटरमागून रामकिसननं विचारलं.

"कोरडा. डोळ्याला डोळा लागत नाय त्यांचा."

"शुगर, बीपी?"

"शुगर हाय."

त्यानं बिनसाखरेच्या सिरपची बाटली काढली. "झोपताना एक झाकण. यानं गुंगी येते, उठताना हात धरा त्यांचा. हा खोकला रेंगाळतोच... पण धाप लागली तर तडक दवाखाना गाठा."

केशरनं मान हलवली नि पदर तोंडावर दाबला. तरी खोकला निसटलाच.

"आणि हा कोणाचा?" तो हसला.

"माझं काय... होईल बरं."

"का? तुमचा घसा घसा नाही?"

तिच्या डोळ्यांत एकाएकी पाणी आलं. नवरा वाळूजच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हापासून तिचं दुखलंखुपलं कोणी विचारलंच नव्हतं. तो गडबडला. त्यानं चघळायच्या गोळ्यांचं पाकीट पुढं सरकवलं.

मग ती येत राहिली. कधी गोळ्यांना, कधी वाफेच्या औषधाला.

"कोमट पाण्यात मध घेता ना?"

"घेते की."

"खोटं. आवाज सांगतो."

"आवाज ऐकायला मेडिकल टाकलंय व्हय?"

"आधी नव्हतं..." तो खाली बघत म्हणाला, "आता तसंच झालंय."

दोघींचा खोकला गेला. केशरचं जाणं थांबलं नाही. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा तो म्हणाला — "माझ्या घरी या. कायमच्या. सासूबाईंनाही घेऊन."

घरी जेवण वाढताना तिनं सांगून टाकलं. म्हातारी चिडली असती तर बरं झालं असतं.

"तू जा, बाई. तुझं वय हाय. पर लेकाचं घर सोडून मी दुसऱ्याच्या दारी नाय यायची."

"मग तुमच्याजवळ कोण, आत्याबाई?"

"कोण असणार?" मनकर्णाबाईंनी भरलं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडं तोंड करून त्या पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी केशर काउंटरसमोर उभी राहिली. "जमायचं नाय. आत्याबाई यायच्या नायत, नि त्यांना एकलं सोडून मी नाय येणार."

"मी थांबतो ना..."

"कशाला थांबता? त्यांच्या मरणाची वाट बघत बसू का आपण दोघं? मी त्यांच्याच हातचा चहा पीत?"

काचेवरचा रामकिसनचा हात तिच्या हातापासून वीतभर दूर होता. तो तसाच राहिला.

"व्हय म्हणायचं होतं मला," ती म्हणाली. "लई म्हणायचं होतं... एवढं ठाऊक असू द्या."

ती पायरी उतरली.

आत्याबाईंच्या शुगरच्या गोळ्या आजही केशरच आणते. रिक्षात बसून, पार औरंगपुऱ्यातून.