मधली जागा

पटत नसेल तर सोडून द्या, पण यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. ज्यानं हे एकदाच सांगितलं, तो हरी अजून साताऱ्यातच राहतो. त्याच्यापुढं डोंगराचा विषय काढून बघा, माणूस भरल्या ताटावरून उठून जातो.

तारीख ३१ डिसेंबर १९९४, शनिवार. रात्र काळीकुट्ट.

जागा, पाटणच्या वरचा सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार. ना झाड, ना आडोसा. वारा मात्र हवा तेवढा.

हरी, अवधूत आणि अनीश, तिघे साताऱ्याच्या एकाच आळीतले, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. अवधूतच्या डोक्यात तेव्हा एकच खूळ. कमीत कमी ओझं घेऊन डोंगर चढायचा, पाठीवर तीन किलोच्या वर काही नको. पठ्ठ्यानं टूथब्रशचा दांडासुद्धा करवतीनं कापला होता! तिघांत मिळून खाली एक मेणकापड, वर एक मोठं ब्लँकेट. मधल्याला दोन्हीकडून ऊब, कडेचे दोघे रामभरोसे.

अनीश नुकताच टायफॉइडमधून उठला होता. आई त्याला सोडायला तयार नव्हती.

"काकू, मी त्याला मधेच झोपवीन. माझ्यावर सोडा," हरी म्हणाला.

या एका शब्दावर ती माउली कबूल झाली.

दिवस मावळताना सड्याखाली कोंडीबा धनगर भेटला. म्हशी घेऊन खाली उतरत होता. तिघांच्या पाठीकडे बघून तो थांबला.

"घोंगडं न्हाई, काठी न्हाई... वर ऱ्हानार कसं रं पोरांनो?"

"ओझं नको म्हणून, मामा," अवधूत हसला.

"माझी काठी तरी न्या. वर मानसं गारठून मेल्याती पूर्वी. रातचं कुनी उठलं, तर त्याच्या जागंवर काठी आडवी ठिवायची. जागा मोकळी सोडायची न्हाई. आमी कवाच सोडत न्हाई."

"किलोभर भरेल हो ती!"

कोंडीबा काठी खांद्यावर टाकून वळला. म्हशी हाकत निघून गेला.

वर जाळायला काटकीही मिळाली नाही. आठलाच तिघे आडवे झाले. अनीश मधे. माकडटोप्या कानांवर, ब्लँकेट डोक्यावरून.

मध्यरात्र उलटली असावी. अनीश उठला.

"कुठं रे?" हरीनं झोपेतच विचारलं.

"लघवीला. आलोच."

हरीचा पुन्हा डोळा लागला.

थोड्या वेळानं... पायाकडून ब्लँकेट उचललं गेलं.

मधे कुणीतरी शिरलं.

हरीनं त्याच्यावर हात टाकला. अंग चांगलं ऊबदार होतं, त्याला बरं वाटलं. एवढ्या गारठ्यातून आलेला माणूस ऊबदार कसा, हे तेव्हा सुचलंच नाही.

मग...

हरीच्या पाठीला काहीतरी टेकलं.

गार. थरथरणारं. ब्लँकेटची कड हळूहळू ओढली जात होती.

अवधूत या बाजूला आला की काय? हरीनं मधल्या अंगावरून हात पलीकडं नेला. अवधूतची दाढी बोटांना लागली. तो घोरत होता.

मधे अनीश. पलीकडं अवधूत. मग मागं कोण?

"हरी... सरक रे..."

आवाज अनीशचा होता.

पण अनीश तर मिठीत होता!

रात्रीच्या हाकेला ओ द्यायची नसते, हे हरी लहानपणापासून ऐकत आलेला. त्यानं दात आवळले.

"हरी... लय गारठलोय रे..."

हरीनं डोळे मिटून कोपरानं जोरात ढकललं. एकदा. दोनदा.

हळूहळू थरथर लांब गेली. मग फक्त वारा राहिला. हरीनं मधल्या अंगाला घट्ट कवटाळलं. आपण अनीशला सांभाळलं, असं वाटून त्याला शांत झोप लागली.

उजाडलं. अवधूतनं ब्लँकेट ओढलं.

दोघांच्या मधे... कुणीच नव्हतं.

हरीनं मेणकापडाला हात लावला. ते कोमट होतं.

अनीश हरीच्या पाठीमागं चार हातांवर पडला होता. गुडघे पोटाशी, तोंड हरीकडं, कपड्यांवर दहिवर. कोंडीबानं आणि खालच्या वाडीतल्या माणसांनी त्याला घोंगड्याच्या झोळीतून खाली आणलं. पाटणच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली.

तेराव्याला अनीशच्या आईनं हरीला जवळ बसवून घेतलं.

"एकच सांग बाळा. त्यानं तुला हाक मारली होती का रे?"

"नाही काकू. झोपेतच गेला."

"निदान तू जवळ होतास," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मधे कोण होतं, याचा छडा आजवर लागलेला नाही. हरीनं पुढं कोंडीबाला गाठून विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, "जागा मोकळी सोडली हुती न्हवं?"

अनीशची आई आता थकली आहे. डोळ्यांनी नीट दिसत नाही. तरी दर वर्षी त्या तारखेला ती हरीला जेवायला बोलावते.

तो जातो. न जाऊन सांगणार काय?

ती समोर बसते आणि आग्रह करकरून त्याला वाढते.