लाल टोप्यांचे ससे

तेलंगणाच्या सीमेवरच्या भैंसा गावाच्या आसपास कुठंही लग्न निघालं की पेट्या आणि भोंगे देवानंदचे. आवाज हाच त्याचा धंदा, आणि आवाजाच्या बाबतीत तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

म्हणूनच त्याला ते सशांचं गाणं डोळ्यासमोर नको होतं.

लाल टोप्या घातलेले तीन ससे फोनवर उड्या मारत आणि चिरक्या आवाजात गात. बोल ना मराठी, ना तेलुगू, ना हिंदी. लेकराला चिरचिर पुरते आणि मोठ्याला लेकरू गप्प बसलेलं पुरतं. दोघांच्या मधे कोण काय विकतंय, याची चौकशी करतो कोण? गावात ओट्याओट्यावर तेच वाजत होतं. देवानंदची चंचल, तीन वर्षांची, ते सुरू असल्याशिवाय घास गिळत नव्हती. आताशा तर ती ‘बाबा’ म्हणायचंही विसरली होती.

"बंद कर ते," तो बायकोवर, रूपालीवर डाफरला.

"मंग तुमीच चारा तिले. म्या कापूस वेचाले जाऊ का इच्या मागं पळू?"

"कोनाचं हाय हे गानं? कुठून आलं?"

"शेजारच्या मीनलनं धाडलं."

मीनलला कोणी धाडलं, ते मीनललाही आठवेना. गाण्याखाली ना गाणाऱ्याचं नाव, ना काढणाऱ्याचं. देवानंदला हे खटकलं. फुकट वाटतो तो नाव लपवत नाही.

त्याची माय, वच्छलाबाई, अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "जुनंच हाय ते. तू लहान होता तवा तुलेबी तेच लागे. तुह्या बापालेबी."

देवानंद हसला. "बाप लहान होता तवा गावात वीज तरी होती का, माय? कशावर वाजे?"

म्हातारीनं सूप झटकलं.

त्याला वाटलं, आता या सशांचं सोंग फोडायचंच. युक्ती त्याला ठाऊक होती. ससेबिसे काही नसतात. कोणीतरी बाप्या माणूस सावकाश गातो, मग ते जोरात पळवायचं, की झाला ससा. तेच उलटं फिरवून आतला जाडाभरडा माणूस चंचलला ऐकवला, की पोट्टीचं याड उतरेल.

दुपारी त्यानं माजघरात गाण्याची गती कमी-जास्त करायचं मशीन मांडलं, फोन त्याला जोडला. रूपाली चंचलला दाळ-भाकर चारत होती. त्यानं गाण्याची गती कमी केली.

आवाज लांबला. माणूस काही निघाला नाही. ससेच होते, फक्त हळू गाणारे.

त्यानं आणखी कमी केली. पडद्यावरचे ससे उडी मारून हवेतच तरंगायला लागले.

"पाह्य आता," तो रूपालीला म्हणाला. पण रूपाली पडद्याकडे पाहत नव्हती. ती लेकीकडे पाहत होती.

चंचलचा जबडा चालला होता. फार हळू, म्हातारी गाय रवंथ करते तसा.

"नक्कल करून राह्यली," देवानंद म्हणाला. आणि गतीचा खटका अजून खाली घेतला. तिची पापणी मिटायला लागली आणि मिटतच राहिली.

त्यानं गाणं थांबवलं.

चंचल थांबली.

डोळा अर्धा मिटलेला. ओठावरचा दाळीचा थेंब तेवढा हनुवटीवर ओघळला. एक माशी आली आणि बुबुळावर बसली. पापणी हलली नाही. छातीही हलत नव्हती.

"चालू करा! चालू करा ना वो!" रूपाली ओरडली.

त्याचं बोट घसरलं. पुन्हा दाबलं. ससे जमिनीवर आले. चंचलनं घास गिळला आणि हातानं माशी उडवली.

वच्छलाबाई दारात उभी होती.

"बंद नको करू रे, देवानंद. तुह्यावक्ती म्याबी येकडाव केल्तं."

"मंग?"

"मंग काय. तवापासून बंद केलंच नाई."

ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं पेटीवरच्या गोधड्या उचलल्या. खाली एक काळा टेप होता. त्याची चाकं फिरत होती. आतून तीन चिरके आवाज येत होते.

देवानंद त्याच खोलीत लहानाचा मोठा झाला होता, पण हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. चालणारा पंखा थांबला की मग तो चालू होता हे कळतं. हे कधी थांबलंच नव्हतं.

"याचे मोठाले सेल आता भेटत नाईत," म्हातारी म्हणाली. "भैंसाले इचारलं. आदिलाबादले माणूस धाडला. नाई म्हनतात."

आतला आवाज मधूनच जड आणि हळू होत होता.

देवानंदला उठून आत जायचं होतं. त्यानं उठण्यासाठी जमिनीकडे हात नेला. रूपालीनं त्याला हाक मारली, मग पुन्हा मारली, मग रडत रडत मारली. हात अजून जमिनीला टेकला नव्हता.