पाठ कुणी चोळली?

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत माझं ऑफिस म्हणजे खिडकीजवळचं टेबल. डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि विम्यासाठी निदानाला ठरलेला कोड द्यायचा, हे माझं काम. पाठीचा वरचा भाग दुखत असेल, तर एम चौपन्न पॉइंट सहा. आमचा एकच धर्म: जे लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही. आपली अक्कल पाजळायची नाही.

आईला हे पटत नाही. "माणूस न बघता दुखणं कसं कळतं गो तुला?" असं ती विचारते. ती स्वतः कोमट खोबरेलाने अख्ख्या बिल्डिंगच्या पाठी चोळून देते. वनमालाकाकींच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणतात. मी हसते.

मार्चमध्ये एकाच दवाखान्याच्या नोंदींत एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. 'दोन खांद्यांच्या मधोमध कुणी तळहात दाबून धरल्यासारखं दुखतं. भिंतीला पाठ टेकली की बरं वाटतं.' मला रागच आला. डॉक्टर जुनी नोंद उचलून नव्या पेशंटला चिकटवतात आणि ऑडिटमध्ये बोलणी आम्ही खातो. मी खुलासा मागवला. उत्तर वैतागलेलं आलं: पेशंट जे बोलले तेच लिहिलंय.

मग मी त्या फायली नीट वाचल्या. राजाराम कदमांना बायकोने पाठ चोळल्यावर आराम पडला. पुढची फाईल त्या बायकोची. तिची पाठ बहिणीने चोळली. पुढची फाईल बहिणीची. आणि ही बहीण म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या उत्तराकाकू निघाल्या.

एका सीताराम नावाच्या माणसाची फाईल मात्र पुढे कुणाकडे गेली नव्हती. 'एकटे राहतात. चोळायला कुणी नाही.' त्यांच्या शेवटच्या नोंदीत कोड देण्यासारखं निदानच नव्हतं. फक्त मृत्यूची वेळ होती.

योगायोग, मी स्वतःला बजावलं. तरी उठून स्वयंपाकघरात गेले.

"आई, उत्तराकाकूंची पाठ तू चोळलीस?"

"होय तर. कालच. बिचारी रडत होती."

आई भिंतीला पाठ लावून उभी होती.

एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कारण अनिर्दिष्ट लिहिलं. आईला आडवं होता येईना. ती बसल्या बसल्या कण्हायची आणि माझे हात मात्र कीबोर्डवर. भुताखेतांवर विश्वास नसलेली मी, जन्मदात्या आईच्या पाठीला हात लावायला घाबरत होते. मला माझी शरम वाटली. शेवटी एका दुपारी तेल कोमट केलं आणि तिच्या मागे बसले.

"बरं वाटतंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "दुसरो हात काढ गो बाय. थंड लागता."

माझ्या दुसऱ्या हातात तेलाची वाटी होती.

त्या रात्री आई घोरत झोपली. माझं दुखणं सकाळच्या चहाबरोबर सुरू झालं. कुणीतरी मागून रोखून धरलंय, बस्स, इतकंच. मी आईला सगळं सांगितलं, सीतारामसुद्धा.

"माझ्या पाठीला हात लावायचा नाही. शपथ घे."

तिने वाद घातला नाही. शपथ घेतली. तिला शपथेचं इतकं असतं, की मी निर्धास्त झाले. एवढंच म्हणाली, "त्या माणसाक कोणच नव्हता?"

पुढे झोप कसली ती नाही. काम चुकायला लागलं. हे कोणत्या कोडात बसवायचं, ते माझं मलाच कळेना. एका दुपारी टेबलावर डोकं टेकलं आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाठ हलकी होती. मी खुर्चीतच आळस दिला. इतका आनंद झाला, की हसूच आलं.

मग खोबरेलाचा वास आला.

कुर्ता पाठीला चिकटला होता.

"आई?"

ती स्वयंपाकघरात होती. भिंतीला पाठ लावून मेथी निवडत होती.

"माझी पाठ कुणी चोळली?"

"कोणी नाय गो. चाय ठेवू?"

मी पुढे झाले. तिने हात वर केला.

"थयच रव. लांबसून बोल."

मोरीत तेलाची बाटली उपडी करून ओतून दिलेली होती. तिच्यात थेंबही उरलेला नव्हता.